कंडक्टरसाहेब, आधी तुम्ही बसा

पत्र

ताई, नमस्कार.

मी एका कंपनीत प्रशासन विभागात काम करतो. इमारतीच्या तळघरात आमच्या वाट्याला ६२ गाड्यांची जागा आहे आणि गाडीने येणारे आहेत ९६. उरलेल्या ३४ जणांची रोज सकाळी जी शोभा होते ती न सांगितलेलीच बरी. एकामागे एक गाड्या लावायच्या, मग ऐन मीटिंगमध्ये फोन यायचा, 'तुमची गाडी काढा, माझी अडकलीय.' दोनदा प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "लोकांना बसने यायला लाव. तीन महिने देतो."

मी कामाला लागलो. लिफ्टशेजारी पोस्टर लावली. एकावर धुराने काळवंडलेली पृथ्वी, दुसऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'आपल्यापैकी फक्त ९ टक्के लोक बसने येतात. आपल्याला हे शोभतं का?' दर सोमवारी सगळ्यांना ईमेल. प्रदूषणावर प्रश्नमंजूषा घेतली, बक्षीस ठेवलं. जिंकलेला माणूस बक्षीस डिकीत टाकून घरी गेला.

दोन महिन्यांत नव्याने बसने आले तीन जण. त्यातल्या एकाची गाडी गॅरेजमध्ये होती. ती सुटली तसा तोही सुटला. आता लोक मला 'कंडक्टर' म्हणतात. जिन्यात दिसलो की 'पुढे सरका, पुढे सरका' असं ओरडतात.

एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरलेल्या माणसांना कळत कशी नाही? मी त्यांना कसं समजावू?

आणि एक. हसू नका. मी स्वतः गाडीनेच येतो. मला लहानपणापासून बसमध्ये मळमळतं. हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही.

– पार्किंगवाला

उत्तर

कंडक्टरसाहेब, नमस्कार.

नाव चांगलं पडलंय, टाकून देऊ नका. हसले मात्र नाही. प्रश्नमंजुषेच्या बक्षिसापाशी हसले, तेवढं माफ करा.

तुम्ही विचारलंय, 'कसं समजावू?' माझं म्हणणं, समजावणं आधी बंद करा. तुमच्या ९६ जणांपैकी एकही असा नसेल ज्याला धूर वाईट, कोंडी वाईट, बस चांगली हे माहीत नाही. तुम्हालाही ते माहीत आहे, आणि तुम्ही गाडीनेच येता. म्हणजे अडलंय ते माहितीपाशी नाहीच. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हणून मी तुम्हाला टोमणा मारत नाहीये. तुमचं मळमळणं हीच मला या पत्रातली सगळ्यांत कामाची गोष्ट वाटली. एक समजूतदार माणूस, ज्याला बसचा प्रचार करायचा पगार मिळतो, तोसुद्धा बसमध्ये चढत नाही, कारण त्याला एक छोटी, खासगी, चारचौघांत न सांगण्यासारखी अडचण आहे. उरलेल्या पंचाण्णव जणांकडेही अशी एकेक असेल. पोस्टरने ती सुटणार कशी?

पोस्टरवरून आठवलं. ते ९ टक्क्यांचं आजच काढा. त्यावर तुम्ही लिहिलंय 'शोभतं का?', लोक वाचतात 'एक्क्याण्णव टक्के लोक गाडीनेच येतात.' वाचणारा मनात म्हणतो, चला, मी एकटा नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे दगड झालेली प्राचीन लाकडं आहेत. पर्यटक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. 'कृपया लाकूड नेऊ नका' असं साधं सांगणारी एक, आणि 'आजवर अनेकांनी लाकूड नेलं, त्यामुळे उद्यानाचं रूप पालटलं' अशी हळहळ व्यक्त करणारी दुसरी. चोरी जास्त झाली ती हळहळीच्या पाटीपाशी. तुमचं पोस्टर त्याच जातीचं आहे. काळवंडलेली पृथ्वी राहू द्या हवी तर, तिने कुणाचं काही बिघडत नाही, घडतही नाही.

आता थोडं माझं ऐका.

अकरा वर्षं मी रोज गाडी चालवत कामावर गेले. बस मला तत्त्वतः फार आवडायची. मग एकदा जिन्यात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. पहिल्या दिवशी थांब्यावर उभी राहिले. बस आली आणि मी मागच्या दाराशी जाऊन उभी. दार उघडेना. आत बसलेली एक शाळकरी मुलगी काचेतून पुढच्या दाराकडे बोट दाखवत होती, मला वाटलं ती माझ्या प्लॅस्टरकडे दाखवतेय. मी तिला हात हलवून दाखवला. शेवटी चालकाने हॉर्न दिला तेव्हा उजेड पडला. पुढून चढले तर कार्ड यंत्रावर कुठे टेकवायचं ते कळेना. मी ते डाव्या हाताने पडद्यावर टेकवत होते, टेकवायचं होतं खालच्या वर्तुळावर. मागे सात-आठ माणसं खोळंबलेली. कुणी काही बोललं नाही, पण ते न बोलणं मला अजून ऐकू येतं. उतरायच्या आधी बेल दाबावी लागते हे माहीत नव्हतं, त्यामुळे एक थांबा पुढे उतरले आणि मागे चालत आले.

रस्त्यावर मी अकरा वर्षांची मुरलेली होते. बसमध्ये एकदम पहिलीच्या वर्गात. मोठ्या माणसाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटत असेल तर ती लोकांसमोर बावळट दिसण्याची. तुमचे सहकारी 'बस सोयीची नाही' म्हणतात त्यातल्या निम्म्यांना म्हणायचं असतं, 'मला बसमधलं काही कळत नाही आणि ते विचारायची लाज वाटते.' हे कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मवर कुणी लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी मला कुठल्या बाजूने ऊन येतं ते कळलं होतं. दुसऱ्या आठवड्यात चालकाशी मान डोलावण्याइतकी ओळख झाली. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी खुशीत गाडीत बसले, चावी फिरवली, तर बॅटरी उतरलेली. उशीर होत होता म्हणून बसनेच गेले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला फोन करायचा राहिला. तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून आठवड्यातले तीन-चार दिवस बस. गाडी विकलेली नाही, अजून आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कामाला येणार आहे.

माझी गोष्ट काही जगावेगळी नाही. जपानमध्ये ओसाकाजवळचा एक द्रुतगती मार्ग १९९८ साली आठ दिवस बंद होता. संशोधकांनी त्या वेळी गाडीवाल्यांना गाठलं. असं दिसलं की सार्वजनिक वाहनाने जायला किती वेळ लागेल याचा बऱ्याच जणांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फुगलेला होता, आणि एकदा जाऊन आल्यावर तो दुरुस्त झाला. त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे क्योटोमध्ये एक लहानसा प्रयोग केला. रोज गाडी चालवणाऱ्या काही जणांना महिनाभराचा फुकट बसपास दिला. पासची मुदत संपून महिना झाला तरी त्यांचा बसप्रवास आधीपेक्षा जास्त होता आणि बसविषयीचं मतही सुधारलेलं होतं. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, रोजचे प्रवासी नाइलाजाने दुसऱ्या वाटांनी गेले. संप मिटल्यावर साधारण वीसात एक जण जुन्या वाटेवर परतलाच नाही. आपण रोज जातो ती वाट सगळ्यांत चांगली नव्हती, हे त्यांना संप झाला म्हणून कळलं.

म्हणून त्या गॅरेजवाल्या सहकाऱ्याचा उल्लेख तुम्ही ज्या तिरकसपणे केलात तो मला पटला नाही. तो तुमचा सगळ्यांत मोलाचा माणूस आहे! गाडी गॅरेजमध्ये असताना तो बसने आला म्हणजे दार, कार्ड, बेल, थांबा हे सगळं त्याचं पार पडलंय. मग तो परत का फिरला? तुम्ही विचारलंत का त्याला? मला वाटतं नाही. त्याच्याबरोबर अर्धा तास बसा. कंपनीची बाजू मांडू नका, फक्त विचारा. बस वेळेवर यायची का, बसायला जागा मिळायची का, शेवटचं चालणं किती, संध्याकाळी काय झालं. त्याच्या उत्तरांत तुमचं पुढच्या महिन्याचं काम लिहिलेलं असेल.

मला एक शंका आहे, ती आत्ताच सांगून टाकते. तुमच्या ऑफिसची हजेरीची वेळ आणि बस पोचायची वेळ एकदा शेजारी शेजारी लिहून पाहा. मी काम करायचे त्या एका ठिकाणी हजेरी नऊला आणि आमच्या बाजूची बस फाटकाशी यायची नऊ वाजून चार मिनिटांनी. त्याच्या आधीची बस साडेआठला. म्हणजे रोज अर्धा तास लवकर या, नाहीतर रोज उशिराचा शेरा घ्या. गाडीवाला मात्र बरोबर आठ सत्तावन्नला येणार. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि 'लोक बस वापरत नाहीत' म्हणून हळहळणारेही तिथेच होते. हजेरीची सूट दहा मिनिटांनी वाढवली तर कंपनीचं काही जात नाही. बससेवेच्या कार्यालयाला एक पत्रही लिहा. 'आमचे इतके लोक अमुक वाजता अमुक थांब्यावर उतरू शकतात' असं आकड्यांसकट लिहिलं तर वेळापत्रक बनवणाऱ्याला ते उपयोगी पडतं. नुसत्या तक्रारी त्याच्याकडे ढिगाने पडलेल्या असतात.

पण बस मुळात बरी आहे का, हेही बघायला हवं, आणि ते ईमेल लिहून कळत नाही. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसला वेळापत्रक लागत नाही. थांब्यावर जायचं, सरासरी पाचेक मिनिटांत बस येते. दर चाळीस मिनिटांनी येणाऱ्या बसभोवती अख्खा दिवस बांधावा लागतो आणि ती चुकली तर दिवस गेला. वाहतूक नियोजन करणारे लोक हिशेब मांडताना थांब्यावरचं एक मिनिट बसमधल्या साधारण दोन मिनिटांइतकं जड धरतात, कारण माणसाला ते तसंच जड जातं. बस किती मिनिटांत येतेय हे फोनवर दिसत असेल तर ते ओझं बरंच हलकं होतं. तुमच्या भागात तशी सोय असेल तर ती सगळ्यांच्या फोनमध्ये आधी घालून द्या. पोस्टरचा खर्च तिथे लावायला हवा होता.

'तासभर बस नाही आणि मग दोन एकदम' ही तक्रार तुम्ही ऐकणारच. लोकांना वाटतं चालक गप्पा मारत थांबले होते. तसं नसतं. पहिली बस कशाने तरी दोन मिनिटं मागे पडते. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर जास्त माणसं गोळा होतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांब्यांवर माणसंच उरत नाहीत, ती पळत येऊन पहिलीला गाठते. यातून एक फुकटची युक्ती निघते. फार वेळाने खच्चून भरलेली बस आली तर तिला लोंबकळू नका, मागून येणारी बहुधा जवळच असते आणि तिच्यात बसायला जागा असते. असल्या गोष्टी माहीत असलेला माणूस शेजारी असला की नवख्याचा पहिला आठवडा निभावतो.

तर आता तुमची सोमवारची ईमेल. ती बंद करून त्याऐवजी सोबत द्या. आज जे ९ टक्के बसने येतात त्यांच्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलेलं दिसत नाही, सगळं लक्ष पापी लोकांवर. त्यांना विचारा कोण कुठून चढतं. मग गाडीवाल्यांच्या पत्त्यांशी ते जुळवा. ज्याच्या घराजवळून थेट बस आहे आणि त्याच बसने ऑफिसातलं ओळखीचं कुणी येतं, असे दहा-बारा जण निघतील. सुरुवात त्यांच्यापासून. 'बुधवारी आठ दहाच्या बसला मी असतो, तुम्ही या, कार्ड मी देतो,' एवढंच वाक्य पुरे. हे वाक्य तुम्ही म्हणायचं नाही. हिशेब विभागातल्या रोज येणाऱ्या बाईंनी म्हणायचं. नोकरीला नवे लागलेले आणि नुकतंच घर बदललेले यांना सगळ्यांत आधी गाठा. त्यांची वाट अजून मळलेली नसते. पहिल्या दिवशी हातात महिन्याचा पास पडला तर गाडीची जागा मागायचं त्यांच्या मनात येण्याआधी बस अंगवळणी पडलेली असते.

आणि कुणालाही 'गाडी सोडा' म्हणू नका. जरा तुमचाच हिशेब मांडू. प्रश्न ९६ गाड्यांचा नाही, ३४ गाड्यांचा आहे. ज्यांना खरोखर गाडी लागते असे वीस जण बाजूला काढा. घरी आजारी माणूस असलेले, दोन मुलांना दोन शाळांत सोडणारे, चालायला त्रास होणारे, आडवेळी सुटणारे, ज्यांच्याकडे बसच जात नाही ते. यांना एका शब्दाने छेडायचं नाही, उलट त्यांची जागा पक्की करून द्यायची. उरले ७६. ते पाचापैकी दोन दिवस बसने आले तर रोजच्या तीस गाड्या कमी झाल्या. चार जणांनी शेजाऱ्याला आपल्या गाडीत घेतलं की चौतीस झाल्या. एकाही माणसाने गाडी विकली नाही, कुणी संत झालं नाही, आणि तळघर मोकळं! अर्थात सगळे ७६ जण येणार नाहीत, एवढं मलाही कळतं. दिवसही वाटून द्यावे लागतील, नाहीतर सगळे शुक्रवारीच बसने येतील. पण 'आठवड्यातून दोन दिवस' हे माणसाच्या घशाखाली उतरतं. 'पर्यावरणासाठी गाडी सोडा' हे उतरत नाही, कारण गाडी फक्त वाहन नसते. कुणाची ती पहिली मोठी खरेदी असते, कुणाला दिवसभरात एकटं राहायला मिळणारी तेवढी एकच जागा असते. कुणी तिच्यात बसून रडतंसुद्धा. त्यावर आपण हक्क सांगू नये.

आता अवघड भाग. हा तुमच्या हातात नाही, साहेबांच्या आहे, आणि पत्र वाचताना मला वाटत राहिलं की साहेबांनी तो अलगद तुमच्या गळ्यात बांधलाय.

त्या ६२ जागांचं भाडं कंपनी भरते, बरोबर? म्हणजे गाडीने येणाऱ्याला कंपनी दर महिन्याला गुपचूप काहीतरी देते, बसने येणाऱ्याला काहीच देत नाही, आणि वर बसवाल्याचं कौतुक करणारं पोस्टर लावते. ज्याला बक्षीस मिळतंय त्याला तुम्ही म्हणताय, बक्षीस सोड. तो कशाला सोडेल? कॅलिफोर्नियात १९९२ साली यावर एक कायदा झाला. कर्मचाऱ्यांना भाड्याच्या पार्किंगची जागा फुकट देणाऱ्या काही कंपन्यांवर अशी सक्ती आली की जागा नको असेल त्याला तेवढी रक्कम रोख घेण्याचा पर्याय द्यायचा. डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, पार्किंग या रुक्ष विषयावर त्यांनी सगळी कारकीर्द घालवली. त्यांनी असा पर्याय देणाऱ्या आठ ठिकाणांचा अभ्यास केला. एकट्याने गाडी चालवत येणारे ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले. कुणाची जागा काढून घेतली नव्हती, कुणाला दंड नव्हता. त्यात सगळ्यांत जास्त वाढले ते गाडी वाटून घेणारे, बसवाले त्यांच्या मागून. तुम्हाला चौतीस जागा हव्यात, त्या कशा मोकळ्या होतात याचं सोवळं पाळू नका.

नुसती बस सुधारून गाड्या कमी होतात का? इथे बसच्या बाजूची माणसं (मीही त्यातलीच) जरा भाबडेपणा करतात. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने ऑगस्ट २००५ मध्ये बसफेऱ्या वाढवल्या, नवे मार्ग सुरू केले. रस्त्यावरच्या मोटारी त्याने फारशा हलल्या नाहीत. जानेवारी २००६ मध्ये शहराच्या मध्यभागात शिरताना-निघताना शुल्क लावलं, तशी त्या सीमेवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने घटली. जुलैअखेर प्रयोग थांबवल्यावर बऱ्याचशा गाड्या परत आल्या. मग लोकांनी मतदानात शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि २००७ पासून ते कायम झालं. बस फुकट केली तरी एवढ्याने भागत नाही. एस्टोनियाच्या टालिनने २०१३ मध्ये रहिवाशांना प्रवास मोफत केला, प्रवासी वाढले, पण त्यात आधी पायी जाणारेच पुष्कळ निघाले. लंडनने २००३ मध्ये गर्दीचं शुल्क सुरू केलं तेव्हा त्याच दिवशी शेकडो जादा बस रस्त्यावर उतरवल्या. एका हाताने वाट अडवली, दुसऱ्या हाताने वाट दिली. दोन्ही हात एका वेळी हलले.

तेव्हा साहेबांकडे जाताना पोस्टरचा अहवाल नेऊ नका, तीन मागण्या न्या. जागा नको म्हणणाऱ्याला जागेच्या भाड्याइतके पैसे, दिवसाच्या हिशेबानेसुद्धा. हजेरीला दहा मिनिटं. आणि तिसरी, जी माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आहे: बसने आलेल्या माणसाला अडीअडचणीला घरी सोडायची हमी. पोराला ताप आला, काम रात्री नऊपर्यंत लांबलं, शेवटची बस गेली, तर टॅक्सी कंपनीच्या खर्चाने. अनेक देशांत कंपन्या ही सोय देतात आणि अनुभव असा की ती फारशी वापरलीच जात नाही. छत्री बरोबर असली की पाऊस येत नाही, तशातली गत. पण ती आहे म्हणून माणूस सकाळी गाडी घरी ठेवायला धजावतो. बायकांच्या बाबतीत तर 'संध्याकाळी उशीर झाला तर?' हा प्रश्न सुटल्याशिवाय बाकीचं बोलूच नका. आणि तीन महिन्यांत चौतीस गाड्या होणार नाहीत, हे साहेबांना तोंडावर सांगा. दहा झाल्या तरी सकाळची मारामारी थांबेल.

पैशांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो वाटतो तितका चालत नाही. गाडीवाला मनात फक्त इंधन मोजतो. विमा, दुरुस्ती, कर, दरवर्षी गाडीची उतरणारी किंमत हे त्याच्या हिशेबात येतच नाही. जर्मनीतल्या गाडीमालकांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी आपल्या गाडीचा खर्च प्रत्यक्षाच्या जेमतेम निम्मा सांगितला होता. पण गाडी दारात उभीच राहणार असेल तर विमा आणि कर भरावाच लागतो, त्यामुळे दोन दिवसांच्या बसने त्याचे फार पैसे वाचतात असंही नाही. खोटी आशा दाखवू नका. एखाद्या घरात दुसरी गाडी घ्यायचं चाललं असेल तर मात्र हा हिशेब कागदावर मांडून द्या, तिथे तो चपखल बसतो.

आता तुमचं मळमळणं.

आतल्या कानाला कळतं की शरीर हलतंय, वळतंय, थांबतंय. डोळे मात्र फोनवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतात, त्यांना सगळं स्थिर दिसतं. मेंदूला दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात आणि त्याची शिक्षा पोटाला होते. गाडी तुम्ही स्वतः चालवता तेव्हा नजर रस्त्यावर असते, वळण यायच्या आधीच तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून तिथे काही होत नाही. यावर उपाय बसण्याच्या जागेपासून सुरू होतो. मागचं चाक आणि त्याच्या मागचा भाग टाळा, तिथे हेलकावे सगळ्यांत जास्त. दोन्ही चाकांच्या मध्ये किंवा पुढे, चालकाच्या दिशेला तोंड करून बसा, उलट्या सीटवर कधीच नाही. शक्यतो काच जरा उघडी. नजर लांब, रस्ता जिथे संपतो तिथे. पहिले पंधरा दिवस फोन खिशातून काढायचा नाही, वाचायचं तर मुळीच नाही. उपाशीपोटी चढू नका आणि तुडुंब खाऊनही नको. पहिला आठवडा अर्ध्याच वाटेवर चढा, लागलं तर मध्ये उतरा, उरलेलं चाला. शरीर हळूहळू सरावतं, पुष्कळांचं सरावतं. त्रास फारच असेल तर डॉक्टरांना विचारा, त्यावर साधी औषधं असतात, पण काहींनी झोप येते, म्हणून ती घेऊन गाडी चालवायची नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तर त्या वीस जणांच्या यादीत स्वतःचं नाव घाला आणि ऑफिसात कारण सांगून टाका. जमलं, तर गॅरेजवाल्याला विचारा तो कितीच्या बसला चढायचा. पुढच्या दाराने.